घरच्या अन् शेडच्या राऊटरचा पत्ता एकच झालाय, नेट चालंना, डीव्हीआर दिसंना (तासगाव)

बेदाणा_शेड | १० मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं घर रस्त्याकडंला आणि बेदाण्याची शेड बागेच्या पलीकडं, मधी सहाशेक मीटर अंतर. घरी फायबर हाय, कंपनीनं दिलेला पांढरा डबा भिंतीवर आणि त्याला जोडून आमचा स्वतःचा वायफाय राऊटर हॉलमध्ये. शेडमध्ये नेट नव्हतं म्हणून गेल्या आठवड्यात एका पोराकडनं दोन्ही छपरांवर ते डिशसारखे रेडिओ बसवून घेतले, समोरासमोर. घरात एक जुना राऊटर पडून होता तो शेडमध्ये लावला आणि चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवून दाखवणारी पेटी) त्याच्यात खुपसला. पोरानं 'लिंक आलीय बघा' म्हणून हिरवा दिवा दाखवला, पैसं घेतलं आणि गेला. आता फोन उचलंना.

झालंय असं की शेडमध्ये वायफाय दिसतंय, पासवर्ड घेतंय, काड्या फुल्ल, पण नेट एक टिपका चालत न्हाई. शेडमध्ये उभा राहिलो की डीव्हीआर मोबाईलवर दिसतोय, घरी आलो की गायब. आणि गंमत बघा, शेडमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की शेडच्या राऊटरचं पान उघडतंय, घरी बसून तेच टाकलं की कंपनीच्या डब्याचं पान. एकाच नंबरची दोन घरं कशी काय?

घाई अशासाठी की माल रॅकवर पडलाय, अजून आठ-दहा दिवस वाळायला पायजेत, आणि कालपासनं पश्चिमेला ढग दाटायला लागलेत. पाऊस आला आणि पडदे सोडायला उशीर झाला की माल काळा पडतो, मग सौद्यात कोण बघत पण न्हाई त्याच्याकडं. आबा रात्रीतनं दोनदा बॅटरी घिऊन शेडवर चक्कर मारत्यात, वय सत्तर. कॅमेरा घरात दिसला तर त्यांची चक्कर वाचंल एवढीच अपेक्षा.

मिरज_जंक्शन | १० मार्च, रात्री १०.५८

एकाच नंबरची दोन घरं म्हणजे पोस्टमन येडा होणारच की राव. पहिलं त्या पोराला शोधा 😀

कुपवाड_नेटवर्क | १० मार्च, रात्री ११.१५

शेडवाले भाऊ, रोग कळलाय बहुतेक पण आधी तीन गोष्टी सांग. एक, छपरावरच्या रेडिओची वायर घरात खाली कुठं येते, कंपनीच्या डब्यात का तुझ्या हॉलच्या राऊटरमध्ये? दोन, शेडमध्ये ती वायर जुन्या राऊटरच्या कुठल्या भोकात आहे, वेगळ्या रंगाच्या एकट्या भोकात (वॅन) का बाकीच्या चारातल्या एकात (लॅन)? तीन, शेडच्या राऊटरच्या पानावर स्टेटसमध्ये वॅन आयपी (म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता) काय दिसतो आणि लॅन आयपी काय? फोटो टाकू नकोस, त्यात पासवर्ड बी दिसतात लोकांचे. कागदावर बघून लिही.

बेदाणा_शेड | ११ मार्च, सकाळी ७.३०

आत्ताच शेडवर जाऊन आलो. रेडिओची वायर घरी कंपनीच्या डब्यात, दोन नंबरच्या भोकात. एक नंबरच्या भोकातनं हॉलचा राऊटर. शेडमध्ये निळ्या भोकात हाय, एकटंच असलेलं. स्टेटसमध्ये वॅन १९२.१६८.१.७, लॅन १९२.१६८.१.१. हॉलच्या राऊटरचं बघितलं तर वॅन १९२.१६८.१.२ आणि लॅन १९२.१६८.०.१. डीव्हीआरला पोरानं हातानं १९२.१६८.१.१०८ दिलेला.

कुपवाड_नेटवर्क | ११ मार्च, सकाळी ९.०५

सापडलं. शेडच्या राऊटरला दोन तोंडं आहेत, एक घराकडं (वॅन) आणि एक शेडच्या आत (लॅन). दोन्ही तोंडांना १९२.१६८.१ चंच नेटवर्क दिलंय. शेडमधला मोबाईल म्हणतो नेटवर जायचंय, राऊटर म्हणतो ठीक, बाहेरचा गेटवे (म्हणजे बाहेर जायचं दार) १९२.१६८.१.१, आणि मग बघतो तर काय तो पत्ता त्याचा स्वतःचाच आहे. पुढं पॅकेट (माहितीचं पुडकं) सोडणार कुठं? काही नवे राऊटर असला टकराव दिसला की आपणहून लॅन बदलून टाकतात, जुने गप बसतात.

आज एवढंच कर. शेडमध्ये लॅपटॉप वायरीनं जोड, १९२.१६८.१.१ उघड, लॅन सेटिंगमध्ये आयपी १९२.१६८.२०.१ कर, मास्क २५५.२५५.२५५.० तसाच ठेव, सेव्ह. पान मधनंच तुटेल, घाबरू नकोस, राऊटरनं पत्ता बदललाय पण तुझा ब्राऊझर जुन्या पत्त्यावरच दार वाजवत बसलाय. वायर काढून परत लाव आणि १९२.१६८.२०.१ टाक. आणि हो, आपण इथं मराठी आकडे टाकतोय पण ब्राऊझरमध्ये इंग्रजी आकडेच टाकायचे, मागं एकानं दोन दिवस घालवलेत त्यात.

हरिपूरकर | ११ मार्च, सकाळी १०.२०

कुपवाडकरांचं निदान बरोबर आहे. मी आयुष्यभर टेलिफोनच्या कामात होतो, तेव्हाच्या भाषेत सांगतो म्हणजे शेडवाल्यांच्या आबांनाही कळेल. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे इंटरकॉमच्या नंबरासारखे. प्रत्येक साखर कारखान्यात, प्रत्येक बँकेत ११ नंबरचं एक्स्टेन्शन असतंच, त्यानं कुणाचं बिघडत नाही, कारण बाहेरून थेट ११ कुणी फिरवतच नाही. असे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले तीन पट्टे आहेत, १० ने सुरू होणारा सगळा, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. १९९६ पासून हा नियम कायम आहे. भांडण कधी होतं, तर दोन इंटरकॉम एकमेकांना जोडायचे ठरले आणि दोन्हीकडं ११ असलं तर. तुमचं नेमकं तेच झालंय.

मास्क म्हणजे काय तर एसटीडी कोड कुठं संपतो आणि नंबर कुठं सुरू होतो ते सांगणारी खूण. सांगलीला ०२३३, साताऱ्याला ०२१६२, कोडची लांबीच वेगळी. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे कोड आणि शेवटचा तेवढा नंबर. कोड सारखा असला की लोकल कॉल, वेगळा असला की गेटवेमार्फत.

आणि राऊटर जमिनीपासून उंच लावा. तासगावला पुराचं भय नाही हे मान्य, पण २०१९ ला आमच्या इथं पाणी आलं तेव्हा जे खाली होतं ते सगळं गेलं, तेव्हापासून मी टेबलावरसुद्धा काही ठेवत नाही, सगळं भिंतीला.

बेदाणा_शेड | ११ मार्च, दुपारी २.१०

केलं. शेडमध्ये नेट आलं!! लई आभार. पण आता शेडमध्येसुद्धा डीव्हीआर दिसंना, आधी निदान तिथं तरी दिसत होता.

कुपवाड_नेटवर्क | ११ मार्च, दुपारी २.२५

दिसणार कसा, डीव्हीआर अजून जुन्या गल्लीत राहतोय की. त्याला हातानं १९२.१६८.१.१०८ दिलाय, राऊटर आता २० च्या गल्लीत गेला. टीव्ही जोड, माऊस लाव, नेटवर्कमध्ये १९२.१६८.२०.१०८, गेटवे १९२.१६८.२०.१. गेटवे विसरू नकोस, लोक आयपी बदलतात आणि गेटवे जुनाच ठेवतात, मग डीव्हीआर लोकल दिसतो पण बाहेर जात नाही.

बेदाणा_शेड | ११ मार्च, संध्याकाळी ६.५०

टीव्ही घरनं शेडमध्ये न्यायचा म्हणजे मोटारसायकलवर मागं बायको टीव्ही धरून बसली, बागेतनं. तिनं विचारलं हे कुणी सांगितलं, मी म्हटलं कुपवाडच्या एका भल्या माणसानं. जे बोलली ते इथं लिहीत न्हाई.

डीव्हीआर शेडमध्ये दिसाय लागला. घरनं अजून न्हाई. घरनं ट्रेसर्ट म्हणून कमांड असती (पॅकेट कुठकुठनं जातं ते दाखवती) ती भाच्यानं चालवून दाखवली, १९२.१६८.२०.१०८ ला. पहिल्या ओळीत १९२.१६८.०.१, दुसऱ्या ओळीत १९२.१६८.१.१, तिसऱ्यात कंपनीचा कुठला तरी १० नं सुरू होणारा पत्ता, त्याच्या पुढं नुसत्या चांदण्या (* * *), म्हणजे उत्तरच न्हाई.

मिरज_जंक्शन | ११ मार्च, संध्याकाळी ७.१५

आता माझा विषय आला. सांगली स्टेशनवरनं कोल्हापूरला जायचंय, पण तिकीटवाल्याला मिरजेला कोल्हापूरचा फाटा आहे हेच माहीत नाही. मग तो काय करणार, 'मला माहीत नसलेलं सगळं पुण्याकडं' म्हणून पुण्याच्या गाडीत बसवणार. तुझा हॉलचा राऊटर तेच करतोय. २० ची गल्ली कुठंय त्याला ठाऊक नाही, म्हणून डिफॉल्ट गेटवेवर ढकलतो, कंपनीचा डबापण तेच करतो, आणि पॅकेट पुण्याच्या पुढं जाऊन मरतं. शेड सहाशे मीटरवर आणि पॅकेट कुठल्या कुठं.

स्टॅटिक राऊट म्हणजे तिकीटवाल्याच्या खिडकीवर चिठ्ठी डकवायची, 'कोल्हापूरवाले मिरजेला उतरा'.

कुपवाड_नेटवर्क | ११ मार्च, संध्याकाळी ७.४०

मिरजकर, पहिल्यांदाच कामाचं बोललास.

शेडवाले, हॉलच्या राऊटरमध्ये ॲडव्हान्स्ड मध्ये स्टॅटिक राउटिंग असेल. तिथं तीन रकाने. डेस्टिनेशन १९२.१६८.२०.० (शेवटी शून्य, एकशेआठ नाही, आपण अख्खी गल्ली सांगतोय), मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे म्हणजे पुढचा थांबा, शेडच्या राऊटरचं घराकडचं तोंड, १९२.१६८.१.७. पण हा ७ डब्यानं डीएचसीपीनं (आपोआप पत्ते वाटायची सोय) दिलेला आहे, उद्या लाईट जाऊन आली की ९ होईल आणि चिठ्ठी चुकीची ठरेल. म्हणून शेडच्या राऊटरच्या वॅनमध्ये डायनॅमिकच्या जागी स्टॅटिक कर, १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारा) ८.८.८.८. आणि राऊटमध्ये पुढचा थांबा म्हणून तोच ५० टाक. डब्याचा पूल (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) ५० च्या आसपास नाही ना ते तेवढं बघ.

सातारा_टक्स | ११ मार्च, रात्री ९.३०

एवढ्यानं होणार नाही. दादा, शेडचा राऊटर वॅनच्या बाजूनं आपणहून आलेलं पॅकेट आत घेणारच नाही, फायरवॉल आहे त्याला, घरगुती राऊटर वॅनला शत्रूच समजतो. नॅट (आतले पत्ते लपवून बाहेर एकच पत्ता दाखवणं) आणि फायरवॉल बंद केली तर आत घेईल, पण मग शेडमधनं नेटवर जाणारी पॅकेटं १९२.१६८.२० चा पत्ता घेऊन कंपनीच्या डब्यापर्यंत जातील आणि डब्याला २० ची गल्ली माहीत नाही, म्हणजे उत्तर परत येणार नाही. डब्यातपण परतीचा राऊट टाकावा लागेल, आणि डब्याचं ते मेनू कंपनीनं बहुतेक लॉक केलेलं असतं.

जायचं तिकीट काढलं म्हणजे परतीचं काढलं असं होत नाही, हे नवीन लोक दर वेळी विसरतात.

बेदाणा_शेड | १२ मार्च, सकाळी ८.१५

टक्स दादा बरोबर बोलले. राऊट टाकला, वॅन ५० केलं, आता ट्रेसर्ट पुण्याकडं जात न्हाई, पहिल्या ओळीत १९२.१६८.०.१ आणि त्याच्यापुढं चांदण्याच. डब्याच्या पानावर राउटिंगचं नावच न्हाई, फक्त वायफायचं नाव-पासवर्ड बदलता येतंय.

ढग उतरलेत आज. आबांनी रात्री तीन चकरा मारल्या.

कुपवाड_नेटवर्क | १२ मार्च, सकाळी ९.१०

मान्य, टक्सचं खरं आहे, मी घाईत अर्धंच सांगितलं. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरनं आलेलं पॅकेट आतल्या ठरलेल्या यंत्राकडं धाडणं) करून होईल जमवता, पण तीन राऊटर, तीन नेटवर्क हा पसाराच तुला कशाला पाहिजे? चार कॅमेरे आणि दहा मोबाईल. सगळं एकाच गल्लीत आणू, राऊटच नको.

१) घरी रेडिओची वायर कंपनीच्या डब्यातनं काढ, हॉलच्या राऊटरच्या लॅन भोकात घाल. कालचा स्टॅटिक राऊट पुसून टाक.
२) शेडच्या राऊटरचा लॅन आयपी १९२.१६८.०.२ कर. सेव्ह. परत जोड.
३) नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी बंद कर. हा क्रम पाळ, आधी डीएचसीपी बंद केलास तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि तूच बाहेर राहशील.
४) शेवटी शेडमध्ये वायर निळ्या भोकातनं काढून लॅनच्या कुठल्याही भोकात. निळं भोक रिकामं.
५) डीव्हीआर १९२.१६८.०.२०, गेटवे १९२.१६८.०.१. एकशेआठ ठेवू नकोस! हॉलच्या राऊटरचा पूल बघ, बहुतेक १०० ते १९९ असेल, १०८ एखाद्या दिवशी पाहुण्याच्या मोबाईलला जाईल आणि डीव्हीआर भांडत बसेल.

नव्या राऊटरात हे सगळं एकदम करणारं ॲक्सेस पॉइंट मोड असं बटणच असतं, तुझ्या जुन्यात नसेल म्हणून हातानं.

सातारा_टक्स | १२ मार्च, सकाळी ९.४५

चालेल, पण एक लक्षात घ्या, शेडवरच्या कामगारांना वायफायचा पासवर्ड दिला की त्यांचे मोबाईल आता तुमच्या घरच्याच नेटवर्कात. वेगळी गल्ली होती तेव्हा तेवढी भिंत होती. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातनं आलेला तसाच असेल तर आजच बदला, आणि दोन्ही राऊटरचापण.

जतची_बाई | १२ मार्च, दुपारी १२.३०

मध्येच विचारते, रागावू नका. आमच्या शाळेत सिमकार्डवाला वायरलेस राऊटर आहे, मुलांसाठी पंधरा टॅब. दहा टॅब चालतात, अकराव्याला 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' म्हणून गोल फिरत राहतं. ऑफिसच्या लॅपटॉपला एकदा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला. राऊटरचा पत्ता १९२.१६८ आहे, मग हा १६९ आला कुठून? मला वाटलं व्हायरस.

हरिपूरकर | १२ मार्च, दुपारी १.१५

बाई, व्हायरस नाही. १६९.२५४ म्हणजे लॅपटॉपनं राऊटरला हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला तात्पुरता नंबर घेतला. त्या नंबरानं नेटवर जाता येत नाही. तुमच्या राऊटरचा डीएचसीपी पूल बघा, सुरुवात १०० आणि शेवट १०९ असा असणार. दहा पत्ते संपले की अकराव्याला देणार काय? शेवट १९९ करा. आणि लीज टाइम (एकदा दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ते) चोवीस तास असेल तर दोन तासांवर आणा, नाहीतर सकाळच्या वर्गानं घेतलेले पत्ते दुपारच्या वर्गापर्यंत सुटतच नाहीत.

कुपवाड_नेटवर्क | १२ मार्च, दुपारी १.३०

काकांच्यात भर. वायफायच्या पानावर 'जास्तीत जास्त किती जण' असा वेगळा आकडा असतो, सिमच्या छोट्या राऊटरात तोपण दहाच असतो कधी कधी. दोन्ही वाढवा. आणि टॅबमध्ये वायफायच्या सेटिंगला 'रँडम मॅक' (टॅबचा खरा हार्डवेअर नंबर लपवून बनावट नंबर दाखवणं) असतं, अँड्रॉइड १० पासनं ते आपसूक चालू असतं. नेटवर्क विसरून परत जोडलं किंवा टॅब रिसेट केला तर राऊटरला काही वेळा तोच टॅब नवीन गडी वाटतो आणि पत्ते उगाच खर्ची पडतात. शाळेच्या टॅबना 'डिव्हाइस मॅक' करून ठेवा.

जतची_बाई | १२ मार्च, दुपारी ३.४५

१०९ च होतं! १९९ केलं, आणि तो दुसरा आकडापण सापडला, १० चे १६ केले, त्यापुढे घेतच नाही. पंधराही टॅब चालू. एक मुलगा म्हणाला बाई तुम्हाला हे येतं? हरिपूरकर काका, तुमचं नाव सांगितलं नाही हं मी 🙂

बेदाणा_शेड | १२ मार्च, रात्री ८.२०

टीव्ही परत नेला. ह्या वेळेला भाच्याला घिऊन गेलो.

घरातनं डीव्हीआर दिसला!!! हॉलमध्ये बसून रॅक दिसत्यात, आबांनी चष्मा लावून बघितलं, म्हणलं तिसऱ्या रॅकची जाळी फाटलीय, सकाळी शिवाय पायजे. मी चार दिवस शेडमध्ये फिरतोय मला दिसली न्हवती.

बेदाणा_शेड | १२ मार्च, रात्री १०.०५

गडबड झाली. आता घरातच कुणाचं नेट चालतंय कुणाचं न्हाई. माझं चालतंय, बायकोचं बंद. तिचं वायफाय बंद-चालू केलं की कधी चालतंय कधी न्हाई. टीव्हीचं बंद, आणि मालिका निम्म्यात राहिलीय, लवकर सांगा.

मिरज_जंक्शन | १२ मार्च, रात्री १०.०८

हे खरं संकट. पावसापेक्षा मोठं.

कुपवाड_नेटवर्क | १२ मार्च, रात्री १०.१५

ज्या मोबाईलचं चालत नाही त्यात वायफायच्या नावावर दाब, खाली गेटवे लिहिलेला असेल. ०.१ आहे का ०.२?

बेदाणा_शेड | १२ मार्च, रात्री १०.१९

१९२.१६८.०.२

कुपवाड_नेटवर्क | १२ मार्च, रात्री १०.२२

तिसरी पायरी राहिली. आयपी बदलल्यावर पान तुटलं आणि तू समजलास झालं, परत लॉगिन करून डीएचसीपी बंद केलंच नाहीस. आता एका गल्लीत दोन दोन वाटाडे आहेत, मोबाईल ओरडला की जो आधी ओ देईल त्याचं ऐकतो. हॉलच्यानं ओ दिली तर नेट, शेडच्यानं दिली तर तो म्हणतो 'सगळं माझ्याकडं पाठव', आणि त्याचं निळं भोक तर रिकामं. शेडला जायची गरज नाही, घरातनंच १९२.१६८.०.२ उघड, डीएचसीपी बंद, सेव्ह. मग सगळ्यांचं वायफाय एकदा बंद-चालू.

बेदाणा_शेड | १२ मार्च, रात्री १०.३४

चाललं. मालिकेतली शेवटची पाच मिनिटं मिळाली, जेवण मिळंल आता.

हरिपूरकर | १३ मार्च, सकाळी ७.००

शेडच्या राऊटरच्या पाठीवर कागद चिकटवून ठेवा, '१९२.१६८.०.२, डीएचसीपी बंद, निळं भोक वापरू नये'. वर्षभरानं कुणीतरी नेट चालत नाही म्हणून टाचणीनं दहा सेकंद रिसेट दाबतं, राऊटर परत १९२.१६८.१.१ होतो, डीएचसीपी चालू होतो आणि घरादाराचं नेट जातं. आणि छपरावरच्या रेडिओंना अर्थिंग आहे का बघा, वळवाच्या विजा आता सुरू होतील.

बेदाणा_शेड | १३ मार्च, दुपारी १.००

कागद चिकटवला काका, वरनं चिकटपट्टीपण. अर्थिंगला वायरमन सांगितलाय. दोन शंका. रेडिओचं पान आधी १९२.१६८.१.२० वर उघडायचं म्हणून पोरानं लिहून दिलेलं, ते आता उघडत न्हाई, लिंक तर चालूय, कसं काय? आणि थोरला मुलगा पुण्यात असतोय, त्याला तिथनं डीव्हीआर बघायचाय. पोर्ट फॉरवर्डिंगचा व्हिडिओ बघून हॉलच्या राऊटरमध्ये टाकलं, काय होत न्हाई.

कुपवाड_नेटवर्क | १३ मार्च, दुपारी २.२०

रेडिओ ब्रिज मोडमध्ये आहेत, म्हणजे ती नुसती लांब वायरच समज. त्यांचा स्वतःचा आयपी कुठल्याही गल्लीतला असला तरी बाकीच्यांचं पॅकेट जातं, फक्त त्यांचं पान उघडायचं तर त्यांच्या गल्लीत जावं लागतं. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.१.९९ दे, गेटवे रिकामा सोड, पान उघडेल, मग एकाला १९२.१६८.०.२५१ आणि दुसऱ्याला २५२ देऊन टाक. लांबच्याचा आधी बदल, मग जवळचा.

पुण्याचं जरा अवघड आहे. कंपनीच्या डब्याच्या स्टेटसला जा, इंटरनेटच्या ओळीत आयपी काय आहे बघ. १०० ने सुरू होतो का?

बेदाणा_शेड | १३ मार्च, दुपारी २.४०

व्हय, १००.८० पुढं काहीतरी.

सातारा_टक्स | १३ मार्च, दुपारी ३.१०

मग पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा. १००.६४ पासनं १००.१२७ पर्यंतचा पट्टा कंपन्यांनी आपापसात वापरायला २०१२ ला राखून ठेवलाय. म्हणजे तुमच्या डब्याच्या वर कंपनीचा अजून एक मोठा नॅट आहे आणि एकाच खऱ्या पत्त्यामागं शेकडो घरं आहेत. बाहेरनं आलेलं पॅकेट त्या मोठ्या राऊटरपाशीच थांबतं, तुम्ही घरात कितीही दारं उघडी ठेवा. त्यातनं तुमच्याकडं डबा आणि हॉलचा राऊटर असे घरचेच दोन नॅट, वर हा तिसरा.

दोन वाटा. कंपनीकडनं महिन्याचे जादा पैसे देऊन स्टॅटिक पब्लिक आयपी घ्या आणि डबा ब्रिज करून घ्या. किंवा डीव्हीआरच्या ॲपमध्ये क्यूआर स्कॅन करून बघायची सोय असते ती वापरा, त्यात डीव्हीआरच आतनं बाहेर जाऊन जोडून बसतो त्यामुळं नॅट आडवा येत नाही. चित्र थोडं उशिरा येईल. उघडं पोर्ट ठेवण्यापेक्षा मला तरी हेच बरं वाटतं, उघडा डीव्हीआर म्हणजे सगळ्या जगाला तुमची शेड दाखवणं.

बेदाणा_शेड | १५ मार्च, सकाळी ६.१०

क्यूआरनं पुण्यात दिसाय लागलं.

काल रात्री पावणेदोनला पाऊस आला. आबा जागेच होते, मोबाईल उशाशी. कॅमेऱ्याच्या दिव्याच्या उजेडात बारीक बारीक रेघा दिसाय लागल्या तसं त्यांनी मला हाक मारली आणि शेडवरच्या गड्याला फोन लावला. मी पोचेपर्यंत दोन बाजूंचे पडदे सोडून झाले होते, दक्षिणेकडचा मी सोडला. खालच्या रॅकला कडंनं थोडा माल भिजलाय, चार-पाच जाळ्या, बाकी सगळा कोरडा. आबा सकाळी म्हणलं ते पोर फोन उचलत न्हाई तर न उचलू दे, पण कुपवाडचा माणूस कधी तासगावला आला तर घरी घिऊन ये.

कुपवाड_नेटवर्क | १५ मार्च, सकाळी ९.००

येतो की. टीव्ही मात्र घरातच ठेवा.

पलूसचा_पोपट | १५ मार्च, सकाळी ११.२५

माझं पण १९२.१६८.१.१ उघडत नाही, कुणी सांगेल का?

मिरज_जंक्शन | १५ मार्च, सकाळी ११.३१

भावा, वरनं वाचत ये. नाहीच जमलं तर नवीन धागा काढ, आणि पहिल्याच पोस्टमध्ये कुठली वायर कुठल्या भोकात आहे ते लिही.